रिकामी बाजू

आमचे हे फोटोग्राफर. "माणूस मधोमध उभा करू नये. तो ज्या बाजूला बघतो, तिकडे जागा सोडावी," असं येईल त्याला शिकवतात.

त्या नियमापायी लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत मी मेली कडेला आहे, रिकाम्या जागेकडे बघत. "तिथे कोणीतरी आहे असं समज," हे म्हणायचे. मीही हूं की चूं न करता समजत आले.

आज पहिल्यांदा कॅमेरा माझ्या हातात होता. मी यांना कोपऱ्यात, भिंतीला टेकवून उभं केलं.

"अगं, फारच कडेला गेलोय मी."

"मग सरका की मधे. अख्खी खोली मोकळी आहे."

हे सरकायला गेले आणि खांदा अडल्यासारखे थांबले. रिकाम्या जागेकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले,

"तिला आधी सरकायला सांग."