सगळ्यांसाठी खुला

“या चौकातला हौद पहिल्या दिवसापासून सगळ्यांसाठी खुला होता,” गाईडने छाती फुगवून सांगितलं. लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या.

नातीचा हात धरून आलेल्या गजराबाई मात्र हौदाच्या पायरीखालीच थबकल्या. लहानपणानंतर आज पहिल्यांदाच त्या या चौकात आल्या होत्या.

“दमलात आजी? घ्या, पाणी प्या,” म्हणत गाईडने हौदाचा नळ सोडला.

गजराबाई पायरी चढल्याच नाहीत. खालीच वाकून त्यांनी ओंजळ धरली, वरून कुणी पाणी ओतेल अशी. घोळक्यातलं कुणीतरी हसलं.

“वर या की! इथं कधीच कुणाला मनाई नव्हती,” गाईड म्हणाला.

गजराबाईंनी कोरडी ओंजळ मोडली.

“मनाई कुठली, लेकरा! वरच्या कुणाला दया येईस्तोवर आईनं हंडा घेऊन खाली उभं राहायचं, एवढंच.”