शून्य विखुरा

“पहिल्या खुर्चीचा माउस तपासलात ना?” कप्तानाने दारातूनच विचारलं.

“दोनदा,” ताई म्हणाली.

“आज काही गडबड नको हं, ताई. तीन वर्षं या दिवसाची वाट बघतोय मी.”

“निर्धास्त जा. त्या खुर्चीची एकही गोळी आज वाया जाणार नाही.”

तो हसत गेला. मेला हसतोय कसा बघा! ताईने मशीनच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सभागृहात तिला सगळे ताईच म्हणत. सामन्यांचे संगणक सांभाळायचं काम तिचं. तिचा धाकटा भाऊ एके काळी इथेच खेळायचा, हे बहुतेक जण विसरले होते. ती विसरली नव्हती.

संगणकावरच्या या नेमबाजीच्या खेळात बंदूक कितीही नीट धरा, गोळी जराशी इकडेतिकडे जातेच. तेवढा विखुरा नशिबाचा, बाकी सगळं हाताचं. तीन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात धाकट्याच्या पाच गोळ्या एकाच भोकात गेल्या. लाखात एकदा होतं असं, आणि त्या दिवशी झालं. समोर हाच कप्तान होता. हरल्याबरोबर तो बोंबलला, “हा हात नाही, चोरी आहे!” पंचांनी त्याचं ऐकलं आणि धाकट्यावर तीन वर्षांची बंदी घातली.

पोरगं खोलीतून बाहेर येईना, धड जेवेना. ताईच्या तळपायाची आग तेव्हा मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती. अलीकडे कुठे तो जरा माणसांत आला होता. आज तर सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. “कामाचं बघायला जातोय, संध्याकाळी सांगतो,” म्हणाला. नोकरीचं असणार. देवा, एवढं होऊ दे, असं ती मनात म्हणाली.

मग ती कामाला लागली. विखुरा खुर्चीगणिक ठरवता यायचा, आणि पहिली खुर्ची कप्तानाची, ही प्रत्येक संघाची रीत. तिने त्याच्या संघाच्या पहिल्या खुर्चीचा आकडा तीनवरून शून्यावर आणला. आता नशिबाला जागाच उरली नाही. यंदा नियमही कडक झाले होते. चोरीत पकडला गेला की बंदी जन्माची.

सामना सुरू झाला. तिच्या पडद्यावर चेहरे दिसत नसत, नुसत्या गोळ्यांच्या खुणा उमटत. पहिल्या खुर्चीची एक गोळी, दुसरी, तिसरी. सगळ्या एकाच भोकात. नवव्या गोळीला प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. अकराव्याला शिट्ट्या आणि शिव्या.

“भोग आता!” ताई स्वतःशीच म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला. तिने आकडा पुन्हा तीनवर आणला आणि हात पुसले.

कानातल्या हेडफोनमध्ये मुख्य पंचांचा आवाज आला. “खेळ थांबवा. पहिली खुर्ची बाद. जन्माची बंदी.”

“अहो, ऐका तरी!” कप्तान कळवळून ओरडत होता. “मागच्या वेळी मी खोटं बोललो होतो. ते फेडायला म्हणून आज माझी खुर्ची त्याला दिली!”

ताई ताडकन उभी राहिली.

“साहेब,” धाकट्याचा आवाज आला, अगदी शांत, “माझी ताई मशीनच्या खोलीत आहे. तिला विचारा. मी चोरी केलेली नाही, हे ती सांगेल.”