फळी पलीकडून धरणारी

हीसुद्धा फळी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखी उतरली. मेस्त्रींनी ती भिंतीशी टाकली, आधीच्या वाया गेलेल्या फळ्यांवर. करवतीच्या मशीनचं पातं नवं चढवलं होतं, ताण तपासला होता, काटकोन बघायला गुण्या लावून पाहिला होता. देव्हाऱ्याला चालेल असा जुन्या फणसाचा आता एवढा एकच ओंडका उरला होता, आणि अंगात त्राणही तेवढंच.

"अहो, थोडं बसा," मशीनच्या पलीकडून त्यांची बायको शेवंती म्हणाली. गडी गोव्याला निघून गेल्यापासून कापून येणारी फळी तीच धरायची.

"बसलो तर उठायचा नाही. धर."

त्यांनी ओंडका बाजूच्या लोखंडी आधाराला टेकवला आणि ढकलायला लागले. मध्येच दुखऱ्या खांद्याने दगा दिला, हात थांबले. तरी लाकूड आपलं पुढे सरकतच राहिलं. त्यांनी मान वर केली. शेवंती पाय रोवून, ओठ आवळून फळी स्वतःकडे, जरा एका बाजूला ओढत होती, आणि त्या ओढण्याने काप तिरका जात होता.

मेस्त्रींनी मशीन बंद केलं. "ओढतेस कशाला? नुसतं धरायचं असतं."

"तुमचा खांदा दिसतो मला इथून."

पान्हा घेऊन मेस्त्रींनी लोखंडी आधाराचे नट सैल केले, ती ज्या बाजूला ओढत होती त्या अंदाजाने आधार केसभर तिरका केला आणि नट पुन्हा आवळले.

"आता ओढ," ते म्हणाले. "मघाशी ओढत होतीस तशीच."