पालथी भांडी

पाणी तपासणाऱ्यांनी आमच्या दारातला हातपंप लाल रंगवला. "पाणी दिसतंय काचेसारखं, पण त्यात आर्सेनिक आहे. उकळूनही जायचं नाही," ते म्हणाले. बायकोच्या तळव्यांवर खरखरीत दाणे का उठले, ते तेव्हा कळलं.

पंपाचा मिस्त्री मीच. बंद केलेल्या पंपाचा दांडा मिस्त्रीने घरी नेऊन ठेवायचा, ही आमची रीत. मी तो खाटेखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप करकरला. बाहेर कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातला हंडा मात्र काठोकाठ भरलेला.

"तू भरलास?" मी बायकोला विचारलं.

"काहीतरीच काय. मला खाटेवरून उठवतं तरी का?"

मी तो मोरीत ओतला. तेव्हापासून मी रोज ओततो, तो रोज भरतो. हंडा पालथा घातला, तर घागर भरली. घागर पालथी घातली, तर तांब्या.

आज झाडून सगळी भांडी पालथी घातली आणि दांडा मांडीवर घेऊन बसलो. तो हलला नाही. पंप मात्र करकरला.

मी एकेक भांडं उचलून पाहिलं. सगळी कोरडी. जीव भांड्यात पडला.

"अहो," मागून बायको म्हणाली, "तहान लागलीय हो."

ती खाटेवर दोन्ही तळवे जोडून बसली होती, आणि तिची ओंजळ काठोकाठ भरली होती.