वेगळी तपेली

"हात पुढे धर," कारखान्याचे डॉक्टर म्हणाले.

महिपतीने धरला. बोटं थरथरत होती. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी चहाचं विचारलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघू लागला. दिवसाला अठरा-वीस कप, हे हट्टाने सोबत आलेल्या त्याच्या बायकोने, अंजनीने, सांगून टाकलं.

"चहा सोड. महिन्याने पुन्हा हात बघेन. थरथरला, तर लेथच्या यंत्रावर उभं राहता येणार नाही."

लेथ गेला की हमाली. सोनिवलीच्या गावाबाहेरच्या वस्तीतून अंबरनाथला लेथवर लागलेला तो पहिलाच.

अंजनीने घरात चहाची पूड आणणं बंद केलं. सकाळी नाचणी भाजून पेज करू लागली. महिपती निमूट पेज पिई आणि कारखान्याच्या फाटकाशी पोचला की कोंडाजीची टपरी गाठी.

कोंडाजीही सोनिवलीचाच, पण गावातला. चार वर्षं त्याने महिपतीला सगळ्यांच्याच कपातून चहा दिला होता. डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतरच्या सोमवारी मात्र त्याने मोठ्या किटलीला हात लावला नाही. खाली वाकून फळीआडच्या भांड्यातून एका वेगळ्याच कपात ओतलं. चव करपट होती. उकळून टाकलेली पूड पुन्हा उकळली असावी.

महिपतीने कप रिकामा करून पैसे ठेवले. चार दिवस डोकं ठणकत राहिलं. अपमानाने, असं त्याला वाटलं. पण जवळ दुसरी टपरी नव्हती आणि तलफ सुटत नव्हती. रोज वेगळा कप, रोज तीच चव.

महिना भरला. डॉक्टरांनी त्याच्या पालथ्या हातावर कागद ठेवला. कागद हलला नाही.

"सोडलास ना चहा?"

महिपतीने खाली बघून मान डोलावली. लेथ राहिला.

सुटी झाल्यावर तो तडक टपरीवर गेला.

"कोंडाजीदादा, आजपासून तुमच्याकडं पाणीसुद्धा पिणार नाही. चार वर्षांनी मला वेगळं भांडं ठेवता?"

कोंडाजी कप विसळत राहिला. "हात कसा आहे?"

"बरा आहे. तुम्हाला काय त्याचं?"

"मग हे घरी ने. माझं काम झालं."

त्याने फळीआडून एक पितळी तपेली काढून पुढे ठेवली. तळाला काळी पडेपर्यंत भाजलेली नाचणी चिकटली होती. काठावर नाव कोरलेलं होतं. साक्षरतेच्या वर्गात नुकतीच शिकलेली अक्षरं महिपतीने बोट ठेवून, एकेक करून वाचली.

'चि. सौ. अंजनीस लग्नात मामाकडून.'