तांब्याचं पाणी

धम्मशीलानं तांब्याच्या हंड्यातलं पाणी मोरीत ओतलं, तशा सिंधूताई चुलीपासून उठून आल्या.

"काऊन ओतलं वं? रात्रभर मुरलेलं पाणी हाय ते. तुह्या भावासाठी ठेवलं होतं."

"त्याच्यासाठीच ओतलं, आई."

ओसरीवर धम्मरत्न शर्टाची बटणं लावत होता. बटण काजापाशी जायचं, थरथरायचं आणि सुटायचं. हातांत ताकद यावी म्हणून आई त्याला हे पाणी रोज उपाशीपोटी पाजत होती. काल संभाजीनगरच्या डॉक्टरांनी दोघा भावंडांचे रिपोर्ट पाहिले. शरीरातलं तांबं बाहेरच पडत नाही, म्हणाले. यकृतात साचतं, मेंदूत साचतं.

धम्मशीलानं झिंकच्या गोळ्यांची पट्टी पुढं ठेवली. "दोघांलेही घ्या लागते."

"दोघांले? हात तर त्याचे हालतात."

"माह्याही आंगात साचून राह्यलं. अजून दिसत नाही, एवढंच."

सिंधूताईंनी तिचे दोन्ही हात समोर ताणून धरले. बोटं जराही हलली नाहीत. "पाह्य बरं. काहीच तर नाही झालं तुले!"

"बरं झालं," धम्मरत्न जड जिभेनं म्हणाला, "मले सोबत भेटली." कोणी हसलं नाही.

बाजेवरून सहदेव, त्यांचे वडील, म्हणाले, "झिंक तर आपण मक्याले टाकतो. माणसाले काऊन?"

"झिंक आतड्यातल्या पेशीले खबर देते, बाबा. मंग ती पेशी एक प्रथिन बनवते. जेवणातलं तांबं ते धरून ठेवते, रक्तात जाऊ देत नाही. पेशी झडली का तांबंही तिच्यासंगं बाहेर."

"कधीलोक घ्याची?"

"जन्मभर."

सहदेव पट्टी उलटीपालटी करत राहिले. सिंधूताई खाली बसल्या.

"म्हंजे मीच त्याले पाणी पाजून बिमार केलं?"

"नाही, आई. बिमारी जन्मापासून हाय. अर्धी तुह्याकडून आली, अर्धी बाबाकडून. तुमच्याजवळ अर्धी अर्धीच होती, म्हणून तुमाले काही झालं नाही. आमच्यात दोन्ही एका जागी आल्या."

"पण पाण्यानं वाढली?"

धम्मशीलानं बाबांच्या हातातून पट्टी घेतली. एक गोळी भावाच्या तळहातावर ठेवली आणि ती पडू नये म्हणून त्याची बोटं मिटवली. दुसरी स्वतः गिळली.

सिंधूताई कधी मुलाकडे बघत होत्या, कधी मुलीकडे. त्यांच्या ओठांवर काहीतरी हिशेब चालला होता, पण तो जुळत नव्हता. शेवटी त्यांनी हात पुढं केला.

"एक इकडं दे. अर्धी मी घेते, अर्धी तुह्या बाबाले."