बिनपौर्णिमेचा उपास

“ही तपासणी उपाशीपोटी नसते हो मॅडम,” दंडाला पट्टा आवळत लॅबमधली सृष्टी म्हणाली. “जेवून आलात तरी चालतं.”

आम्रपालीला स्वतःचंच हसू आलं. रक्त द्यायचं म्हणजे उपाशी जायचं, एवढंच तिला ठाऊक. म्हणून सकाळी सासूबाई कांताबाईंनी पुढे केलेला चहा तिने परत केला आणि आज उपोसथाचा उपास आहे, असं दडपून सांगितलं. घरात पौर्णिमेला सगळेच उपास धरत. पण पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले होते, हे तिच्या ध्यानात आलं ते जिना उतरताना. तेव्हा कप उचलून कांताबाईंनी तो चहा स्वतःच पिऊन टाकला होता.

अंडाशयात बीजं किती उरली आहेत, याचा अंदाज या रक्तावरून येणार होता. वय सदतीस. आकड्यावर पुढचे उपचार ठरवू, असं डॉक्टर म्हणाले होते. नवरा प्रज्ञेश सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. आकडा कमी आला तर येवो. पण सासूबाईंना तो कळला, की त्या आपल्याकडे बघतील तेव्हा त्यांना तोच दिसेल, ही तिची धास्ती.

सुई निघाली. कापूस दाबून ती उठणार, तोच दारात कांताबाई. हातात डबा. कर्वेनगरच्या त्यांच्या गल्लीत लॅब एकच होती.

“आपल्या घरात पौर्णिमा सोडून उपास दोनच कारणांनी होतो,” शेजारच्या खुर्चीत टेकत त्या म्हणाल्या. “भांडण, नाहीतर रक्त. भांडण तर झालेलं नाही.”

डब्यात गरम उपमा होता. कसली तपासणी, हे त्यांनी विचारलं नाही. चार घास पोटात गेल्यावर आम्रपालीनेच सगळं सांगून टाकलं. आकड्याची भीतीही सांगितली.

कांताबाईंनी ऐकून घेतलं. मग पदर खांद्यावर घेतला, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि सृष्टीपुढे हात धरला. “माझंही घ्या.”

सृष्टी गोंधळली. “अहो काकू, तुमच्या वयात यात शून्यच येणार.”

“येऊ दे की. घरातला सगळ्यात कमी आकडा माझा असू दे.”